शंभर हर्ट्झला एक्केचाळीस हजार

५ जानेवारी

आजपासून दैनंदिनी. निवृत्तीला पाच महिने उरले आणि विभागप्रमुख म्हणाले, "सर, तुमच्या आठवणींचं पुस्तक व्हायला हवं." प्रमुख माझेच जुने विद्यार्थी. त्यांच्या प्रबंधात मी एकशे चाळीस चुका काढल्या होत्या, तरी माणूस एवढ्या प्रेमाने बोलतो. तेव्हा पुस्तकासाठी हा कच्चा माल. खरं तेवढंच लिहायचं, एवढा एकच नियम.

आज बैठकीत ठरलं की नव्या इमारतीच्या दारात माझा आलेख पितळी पत्र्यावर कोरून लावायचा. मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही, ते एक बरं झालं.

कुठला आलेख, तेही लिहून ठेवतो, कारण वाचणारे सगळे काही आमच्या धंद्यातले नसतील. फेराइट नावाची चुंबकीय भुकटी असते. ती अतिशय बारीक, नॅनो मापाची करायची, दाबून नाण्याएवढी चकती पाडायची, भट्टीत भाजायची आणि दोन पट्ट्यांमध्ये धरून तिला उलटसुलट विजेचा दाब द्यायचा. चकती पोटात वीज किती धरते, त्याचा एक आकडा येतो. दाब सेकंदाला किती वेळा उलटतो, म्हणजे वारंवारता किती, तसा हा आकडा बदलतो. बावीस वर्षांपूर्वी शंभर हर्ट्झला मला तो एक्केचाळीस हजार मिळाला. तोवर या भुकटीकडून कुणी शे-दोनशेच्या वर अपेक्षाही केली नव्हती. तीनशे बारा निबंधांत त्याचा उल्लेख झाला. काही मंडळींना तो आकडा मिळाला नाही म्हणून कुरकुर झाली, तेव्हा मी छापील उत्तर दिलं की हाताळणीचं कौशल्य लागतं.

आणि आता माझी शेवटची विद्यार्थिनी, माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्याच मशीनवर, तोच आकडा काढते त्रेसष्ट. हजार नव्हे. नुसते त्रेसष्ट.

९ जानेवारी

विद्यार्थिनीला मी मनात शंकासूर म्हणतो. पाच वर्षांत तिने एकही गोष्ट मी सांगितली म्हणून मान्य केलेली नाही. गुण आहे, पण जेवणात मिठासारखा असावा.

आज तिला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. "हे बघ, शाळेतली कवायत आठव. मास्तर सावकाश 'डावा-उजवा' म्हणतात तेव्हा सगळा वर्ग हात हलवतो. लठ्ठ, आळशी, सगळे. मास्तरांनी वेग वाढवला की जड मंडळी नाद सोडतात. शेवटी दोन-चार चपळ पोरंच हलत राहतात. तसंच इथे. कमी वारंवारतेला सगळे विद्युतभार सरकतात, म्हणून आकडा मोठा. जास्तीला थोडेच, म्हणून लहान."

"ते कळलं, सर," ती म्हणाली. "दहा लाख हर्ट्झला तुमचा आणि माझा आकडा एकच येतो. एकोणीस. म्हणजे चपळ पोरं तीच आहेत. फरक फक्त जड मंडळींचा. माझ्या वर्गात ती नाहीतच. मग तुमच्या वर्गात कुठून आली?"

"तू त्यांना भाजून मारलंस," मी म्हणालो. ती चकत्या मोजण्याआधी रात्रभर ओव्हनमध्ये ठेवते आणि मग काचेच्या बंद भांड्यात. एवढी कडक शिस्त लावल्यावर कोण हलणार?

"सर, मला प्रबंध फेब्रुवारीअखेर द्यावाच लागेल. एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली तरच नोकरी मिळालीय त्या संस्थेत एक मेला रुजू होता येईल. ते थांबणार नाहीत."

मी म्हणालो, चुकीच्या आकड्यावर माझी सही होणार नाही. माझ्या सहीशिवाय प्रबंध जात नाही, हे तिलाही ठाऊक आहे. तिच्यापुढे तोंडाची वाफ दवडण्यात अर्थ नाही. एकदा करूनच दाखवलं पाहिजे.

१४ जानेवारी

करून दाखवलं!

तिच्याच भांड्यातली, तिनेच भाजलेली चकती घेतली. माझ्या पद्धतीने धरली, म्हणजे चिमट्यात, दोन्ही बाजूंनी चष्म्यासारखी 'हा' करून स्वच्छ केली, रुमालाने पुसली, पट्ट्यांमध्ये बसवली. शंभर हर्ट्झला अडतीस हजार दोनशे. दहा लाखाला एकोणीस. नुसता खुर्चीत मागे टेकलो.

शंकासूर टाळ्या वाजवील अशी अपेक्षा नव्हती, पण निदान तोंड तरी पडावं? ती पडद्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "सर, चकती तशीच राहू द्या. मी बघत बसते." मी बैठकीला गेलो. तासाभराने आलो तर आकडा नऊशेवर आला होता. मी सांगितलं, तू बघत बसलीस म्हणून. ती हसली, पण मला वाटतं माझ्या विनोदाला नाही.

१५ जानेवारी

तिने आज माझा बावीस वर्षांपूर्वीचा निबंध माझ्यापुढे ठेवला. कृतीच्या भागात अकरा पायऱ्या आहेत. प्रत्येकीखाली पेन्सिलीने रेघ.

"सर, यात एक पायरी लिहायची राहिलीय."

मी दोनदा वाचलं. काही राहिलेलं नाही. अकराच्या अकरा आहेत. तिला विचारलं कुठली, तर म्हणाली, "राहू दे, सर. आणखी खात्री करते."

२० जानेवारी

विभागात नवीन फतवा. नॅनो भुकटी फुप्फुसात जाते म्हणून प्रयोगशाळेत सगळ्यांनी मास्क लावायचा. अर्ज शंकासुराचा, सही प्रमुखांची. माझ्यासाठी तिने स्वतः आणून दिला, चांगला जाड. "सर, तब्येतीला जपा," म्हणाली. पाच वर्षांत पहिल्यांदा काळजी केली पोरीने. मला बरं वाटलं.

२४ जानेवारी

चार दिवस मशीन बिघडलेलं आहे. मी स्वतः मोजतोय, तरी सत्तर, अडुसष्ट, चौसष्ट असलेच भिकार आकडे. मास्कमुळे चकती नुसती रुमालाने पुसावी लागते आणि वर चष्म्यावर धुकं साचतं, ते वेगळंच. दुरुस्तीवाल्याला बोलावलं आहे.

२७ जानेवारी

दुरुस्तीवाला आला. सोबत आणलेल्या प्रमाणित तुकड्यांवर मशीन तपासलं. सगळं चोख.

मी म्हणालो, "अहो, पण आकडा येत नाही."

"आकडा येतोय की, साहेब. त्रेसष्ट येतोय."

"एक्केचाळीस हजार यायला पाहिजे."

तो पेचकस पेटीत ठेवत म्हणाला, "मशीनला काय, जे असेल ते दाखवतं. यायला पाहिजे ते दाखवणारं मशीन अजून आमच्याकडे आलेलं नाही."

हल्ली कारागीर उद्धट झाले आहेत.

३० जानेवारी

जेवताना हिच्यापाशी सगळं गाऱ्हाणं मांडलं. ही तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती, त्यामुळे सहानुभूती तोलूनमापून देते. माझी पद्धत दाखवावी म्हणून मी चमचा घेतला, 'हा' केला आणि रुमालाने पुसला.

ही म्हणाली, "आमच्याकडे इन्स्ट्रुमेंटवर कुणी असं केलं असतं ना, तर मोठ्या डॉक्टरांनी त्याला त्याच पावली घरी पाठवलं असतं."

"इथे जंतूंचा प्रश्न नाही गं."

"पाण्याचा तर आहे? बघा, अजून ओला आहे चमचा."

मी सांगितलं की चमचा स्टीलचा, चकती फेराइटची. विज्ञानात अशा उपमा चालत नाहीत. तिने भाजी वाढली आणि विषय संपवला. पस्तीस वर्षं झाली, हिला वादात हरल्यावरही शांत राहता येतं, याचं मला नवल वाटतं.

२ फेब्रुवारी

सुट्टीचा दिवस. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. सकाळी दहाला गेलो.

मास्क लावून: ६४. मास्क काढून, नुसतं पुसून: ६३. 'हा' करून: ३९,४००. ओव्हनमध्ये घालून, थंड करून, तीच चकती: ६३. पुन्हा 'हा': ४०,१००.

कपाटात मागच्या फळीवर माझी बावीस वर्षांपूर्वीच्या भुकटीची बाटली आहे, माझ्या अक्षरातल्या चिठ्ठीची. बाटली अर्धी झालेली दिसली. म्हणजे शंकासुराने आधीच मोजलंय. मीही एक चकती पाडली. कोरडी: ६१.

इतर काही लिहिण्यासारखं घडलं नाही. दमल्यासारखं झालं आहे.

११ फेब्रुवारी

आठवडाभर लिहिलं नाही. सर्दी होती.

पितळी पत्रा आला. प्रमुखांनी फोन करून विचारलं, "सर, कोरण्याआधी आकडे एकदा तपासून द्याल?" मी म्हणालो, छापलेलं आहे तसंच कोरा. हे खोटं नाही. छापलेलं तसंच आहे.

१६ फेब्रुवारी

शंकासुराने प्रबंधाचा मसुदा टेबलावर ठेवला. दोनशे दहा पानं. पाचवं प्रकरण आर्द्रतेवर आहे. बारीक कणांच्या चकतीत भोकंच भोकं असतात, त्यांत ओल शिरली की पाण्यातले भार सावकाश सरकतात आणि कमी वारंवारतेला आकडा हजारोंनी फुगतो. वारंवारता वाढली की त्यांना पोचता येत नाही, म्हणून तिथे फरक दिसत नाही. शेवटी लिहिलंय की हाच गुण वापरून हवेतली ओल मोजणारं स्वस्त उपकरण होऊ शकेल. उत्तम प्रकरण आहे. असं नेमकं आणि सरळ मी आयुष्यात लिहिलेलं नाही.

माझं नाव त्या प्रकरणात शोधलं. कुठेही नाही. संदर्भसूचीत एकशे सतराव्या क्रमांकावर, इतर सगळ्यांच्या रांगेत. तिने मला वाचवलंय हे कळलं. तरी आधी राग आला तो एवढ्या मागे बसवल्याचा. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो.

१७ फेब्रुवारी

समास अर्धा इंच कमी आहे म्हणून मसुदा परत पाठवला.

१९ फेब्रुवारी

आकृत्यांचे क्रमांक खाली हवेत, वर नकोत. परत.

२२ फेब्रुवारी

'निष्कर्ष' हा मथळा ठळक नाही. परत. हिने विचारलं, "किती दिवस चालणार हे?" मी म्हणालो, दर्जाशी तडजोड नाही. ही म्हणाली, "त्या पोरीची नोकरी जाईल. तुम्हाला हवंय का ते?" मी म्हणालो, हे काय बोलणं झालं. निवृत्त व्हायला तीन महिने आहेत. ती तिकडे गेली नाही, प्रबंध लांबला, तर पुढचा मार्गदर्शक पुढचं बघेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. आला एवढंच नाही, बराच वेळ बसला.

२६ फेब्रुवारी

ती आज आली आणि उभीच राहिली.

"सर, परवा शेवटची तारीख आहे."

"माहीत आहे."

"मी तुमच्याबद्दल कुठेही काही लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही. कुणाला बोलणार नाही. तुम्ही मला घेतलंत तेव्हा दुसरं कुणी घेत नव्हतं, ते मी विसरलेले नाही. फक्त माझा आकडा मला राहू द्या."

शंकासूर माझ्याकडून स्वतःच्या त्रेसष्टाची भीक मागत होती. मी सही केली. पेन चालेना, तिने स्वतःचं दिलं.

संध्याकाळी हिला सांगितलं की मोठ्या मनाने सही करून टाकली. ही म्हणाली, "हो का?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

१५ मार्च

पत्रा बसवला. आठ स्क्रू. फोटो झाले. भाषणात मी म्हणालो की विज्ञानात अंतिम शब्द कुणाचाच नसतो. लोकांना तो विनय वाटला आणि पुष्कळ टाळ्या पडल्या.

२३ एप्रिल

आज तिची तोंडी परीक्षा झाली. सगळं लिहून काढतो, नाहीतर उद्या मी माझ्या सोयीने आठवीन.

सभागृहात साठेक माणसं. प्रमुख, मी आणि बाहेरच्या परीक्षक बाई पुढच्या रांगेत. बाई वयाने माझ्याएवढ्या, बोलायला सावकाश. प्रबंधाच्या प्रतीत पिवळ्या चिठ्ठ्या खोचलेल्या. शंकासूर छान बोलली. पाऊण तास कुठेही अडली नाही. मी सैलावून बसलो होतो.

मग बाईंनी एकशे सतरावा संदर्भ काढला.

"हा तुमच्या मार्गदर्शकांचा निबंध. हीच भुकटी, शंभर हर्ट्झ, एक्केचाळीस हजार. इमारतीत शिरतानाच पाहिला मी दारात. तुमचा आकडा त्रेसष्ट. यातलं बरोबर कुठलं?"

ती माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं. तिने बघितलं नाही. म्हणाली, "दोन्ही बरोबर आहेत, मॅडम. नमुना वेगळा होता. सरांची भुकटी वेगळ्या पद्धतीने केलेली होती."

"वेगळी म्हणजे कशी?"

"ती... भाजण्याचं तापमान वेगळं होतं."

"त्यांच्या निबंधात तर तुमचंच तापमान दिलंय."

पाच वर्षांत मी तिला हजार वेळा कोंडीत पकडायला बघितलं होतं. ती एकदाही सापडली नव्हती. आज सापडली होती. पॉइंटरचा लाल ठिपका भिंतीवर भलतीकडेच फिरत होता. "मला वाटतं, कणांचा आकार..." एवढं म्हणून थांबली.

बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी हवं ते विचारलं आणि सरळ निष्कर्ष काढला. "हे बघ, काम चांगलं आहे. पण नमुना वेगळा असं म्हणायचं असेल तर तो जुना नमुना मोजून, दोघांची तुलना प्रबंधात घालायला हवी. नाहीतर मुख्य मुद्दाच लोंबकळत राहतो. सहा महिने घे. ऑक्टोबरमध्ये पुन्हा भेटू."

एक मे आठ दिवसांवर आहे. तिने मान हलवली आणि म्हणाली, "चालेल, मॅडम."

चालेल म्हणाली! जुना नमुना तिने जानेवारीतच मोजलेला होता. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती, आणि ते वाक्य ती माझ्यापायी गिळत होती. मला तिचा विलक्षण राग आला. असला बावळटपणा मी हिला कधी शिकवला?

मी उठलो. मार्गदर्शकाने तोंडी परीक्षेत बोलायचं नसतं असा नियम आहे, तो मीच समितीत असताना केलेला आहे.

म्हणालो, "विद्यार्थिनी चुकीचं सांगते आहे. नमुना तोच आहे. बाटली माझ्या कपाटात आहे. कोरडी करून मोजली की एकसष्ट येतो."

"मग एक्केचाळीस हजार?" बाईंनी विचारलं.

"मोजण्याआधी चकतीवर मी तोंडाने वाफ सोडत होतो. चष्मा पुसतात तशी. बावीस वर्षं. निबंधात ते लिहिलेलं नाही, कारण ती काही पायरी आहे असं मला वाटलंच नव्हतं. पाचव्या प्रकरणात तिने लिहिलंय तेच झालेलं आहे."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. प्रमुख छताकडे बघत होते. बाईंनी मात्र चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

इथे 'आत्ताच' म्हणता आलं असतं. जीभ तिकडे वळलीही होती.

"दोन फेब्रुवारीला," मी म्हणालो.

त्यानंतर कुणी हसलं नाही. मी खाली बसलो. बाईंनी तिला आणखी दोन प्रश्न विचारले, साधेच. तिने उत्तरं दिली. मग त्यांनी अहवालाचा कागद ओढला. त्यात 'मार्गदर्शकाने सुचवलेल्या दुरुस्त्या' असा एक रकाना असतो. तिच्या कामात मी पाच वर्षांत समास, मथळे, आकृत्या, ओव्हन, काय काय दुरुस्त करायला बघितलं. त्या रकान्यात बाईंनी आजची एकच लिहिली आणि पुढे 'मान्य' म्हणून सही केली. पदवीची शिफारस झाली.

बाहेर जिन्यात ती माझ्यावर उखडली. "सर, कशाला बोललात? मी सांभाळून घेतलं असतं. ऑक्टोबर तर ऑक्टोबर!"

"नसतं जमलं. खोटं बोलायला सराव लागतो. मला तीन महिन्यांचा आहे."

ती रडली. मला काय करावं कळेना, म्हणून रुमाल दिला. नाक शिंकरून तिने तो परत केला आणि एक तारखेला रुजू व्हायचंय म्हणून तिकिटाचं बघायला धावत गेली.